लाल शेला

राजाजीनगरला आमच्या कानडी घरमालकीणबाईंना मी अक्का म्हणते. साठी उलटली, पण सुपरहिरोंचा एकही सिनेमा सोडत नाहीत. यंदा त्यांच्या लाडक्या उडणाऱ्या नायिकेच्या जागी नवीच मुलगी घेतली आणि अक्कांचं डोकं फिरलं. पोस्टर आल्यापासून जिन्यात मला गाठून फोन पुढे धरायच्या. "बघ की गं, खांदे कुठं आहेत हिला? आणि पाठीवरचा लाल शेलाच काढून टाकला! स्वल्प तरी विचार करायचा की." मी म्हणायचे, आधी सिनेमा तर येऊ दे. "सरी, बरं," म्हणायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला ओढत थिएटरात नेलं. ती मुलगी पडद्यावर आली तशी मागची पोरं खिदळली. "जुनीच बरी होती," कुणीतरी ओरडलं. अक्का गर्रकन वळून उभ्याच राहिल्या आणि कन्नडमधून त्यांनी अख्ख्या रांगेला झापलं, "नवीन आहे ती! रुळू द्या की जरा तिला!"

अक्का पदर सारखा करून खाली बसल्या आणि माझ्या कानाशी पुटपुटल्या, "शेला मात्र हवाच होता."