खालांचं दस्तखत

आमच्या घरमालकीण खाला, म्हणजे सगळ्या गल्लीच्या मावशी, कानात काही सांगायला लागल्या, की ते गल्लीच्या टोकाला पिठाच्या गिरणीत ऐकू जायचं, आणि तेही गिरणी चालू असताना. उमरग्याच्या शाळेत मी शिक्षिका म्हणून रुजू झाले. दुसऱ्याच आठवड्यात माझा पगार किती, माझ्या वडिलांचा खोकला कसा आहे आणि मला भाकरी थापता येत नाही, हे सगळ्या गल्लीला ठाऊक झालं होतं. मी रुसले की खालांना खरोखरच आश्चर्य वाटायचं. "म्या कुणाला सांगितलं न्हाय, बाई. तुलाच तर विचारत हुते."

मला त्यांच्याकडं खोली मिळाली ती दुष्काळाच्या वर्षी. वडील आणि मी दोन दिवस गावभर हिंडत होतो. खोल्या रिकाम्या होत्या, पण आडनाव सांगितलं की प्रत्येक घरमालकाला गावाहून राहायला येणारा एखादा पुतण्या आठवायचा. खालांनी आडनाव विचारलंच नाही. त्यांच्या अंगणातल्या आडाचं पाणी तळाला गेलं होतं, म्हणून त्यांनी विचारलं, रोज पाणी किती लागतं? माझे वडील सरळ माणूस. ते म्हणाले, "आमी बौद्ध हावोत. मागनं कळण्यापेक्षा आधी सांगितलेलं बरं."

खालांनी त्यांच्याकडं नीट बघितलं. "मग? बौद्ध मान्साला पाणी जास्त लागतंय का?"

"न्हाय."

"मग दोन घागरी. सणाला तीन."

झालं, वडील गावाकडं परतले आणि मी खालांची किरायदार झाले.

खाला विधवा होत्या. मुलगा रफीक ट्रक चालवायचा, सोलापूर ते हैदराबाद, आणि आठवड्यातून एकदा घरी टेकायचा. त्यामुळं बाकीचे सहा दिवस खालांचं सगळं लक्ष माझ्यावर. त्यांची खोली आणि माझी खोली यांच्यामध्ये एक मातीची भिंत होती, पण खालांनी ती कधी मानलीच नाही. मी इकडं स्वतःशी पुटपुटले, "मीठ कुठं ठेवलं?" की पलीकडून उत्तर यायचं, "खिडकीत बघ." रेशनवर तेव्हा लाल मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना माझी फजिती व्हायची. खाला उंबऱ्यात उभ्या राहून म्हणायच्या, "येक कोपरा सोलापूरला निघालाय, येक हैदराबादला. बाई, भाकर हाय का हमरस्ता?" मग मला बाजूला सारून स्वतः चुलीपुढं बसायच्या आणि चार भाकरी होईपर्यंत मला बोल लावायच्या.

एकाच गोष्टीचं नाव त्यांच्यापुढं काढायचं नाही, ते म्हणजे कागद. त्यांच्या मालकांनी कधीकाळी कुळाला जमीन लावली होती, तेव्हा कागदावर दस्तखत केलं होतं. पुढं कायदा आला आणि जमीन कुळाची झाली. त्या कुळावर खालांचा राग नव्हता. तो माणूस ईदला शिरखुर्मा प्यायला यायचा आणि खाला त्याला दुसरी वाटी आग्रहानं द्यायच्या. राग होता तो कागदावर. "जबान दिली तर मानूस सांभाळतो," त्या म्हणायच्या. "दस्तखत दिलं की ते दुसऱ्याच्या घरी नांदाया जातंय. माघारी येत न्हाय."

आणि नेमका कागदच आमच्या दोघींच्या मध्ये आला.

तोवर मला पगाराबरोबर घरभाड्याचा थोडा भत्ता मिळत होता. त्यासाठी कुणी काही मागत नव्हतं. तिसऱ्या वर्षी पंचायत समितीत परिपत्रक आलं, की खासगी घरात भाड्यानं राहणाऱ्यांनी दर सहा महिन्यांनी घरमालकाच्या सहीची पावती जोडावी, नाहीतर भत्ता बंद. दुष्काळी कामावर खडी फोडून वडिलांच्या छातीत धूळ बसली होती. त्यांचं औषध त्या भत्त्यातनंच यायचं. मी खालांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, जे त्या कधीच करत नसत.

"किराया नगं देऊ," त्या म्हणाल्या. "औशिदाला वापर. पन दस्तखत न्हाय."

"खाला, फुकट कशी राहू?"

"मग मी दस्तखत कसं करू?"

दोन दिवस भिंतीपलीकडून आवाज आला नाही. गिरणीवाल्यानं मला विचारलं, खाला गावाला गेल्यात का?

तिसऱ्या दिवशी, शाळा सुटल्यावर, मी पावती देणारी दुसरी खोली शोधायला निघाले. तीन घरं झाली. तिन्ही ठिकाणी आडनाव विचारलं, आणि तिन्ही ठिकाणचे पुतणे येणार होते. अंधार पडायच्या आत परत आले, तेव्हा खाला अंगणात ज्वारी निवडत होत्या.

"कुठं गेल्तीस?"

मी खरं ते सांगितलं.

"मिळाली?"

"न्हाय."

"काय म्हनले?"

"तेच."

त्यांनी सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं काहीतरी बोलतील. त्या उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुरखा घालून त्या माझ्या दाराशी उभ्या. "चल. तुज्या त्या आफिसात."

पंचायत समितीतले हेडक्लार्क निवृत्तीला आलेले, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेले गृहस्थ होते. खाला त्यांच्या टेबलासमोर बसल्या आणि आपल्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे चारही खोल्यांत पोचेल अशा आवाजात, विचारलं, "ह्या कागजानं माजं घर हिचं होतंय का?"

"न्हाय हो खाला. ही फक्त भाड्याची पावती."

"लिहून द्या."

हेडक्लार्क गडबडले. "तसं आमाला लिहून देता येत न्हाय. वरनं विचारतील."

"म्हंजे सरकारचा मानूस असून तुमाला दस्तखताचं भ्या वाटतंय," खाला म्हणाल्या, "आन मी बाईमानसानं करावं?"

सगळी कचेरी हसली. हेडक्लार्कही हसले, पण पेन काही त्यांनी उचललं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हणाले, "राहू द्या खाला, चला." तेव्हा त्या माझ्याकडं वळल्या.

"बाई, तू घेशील का माजं घर?"

"न्हाय, खाला."

"बस," त्या हेडक्लार्कला म्हणाल्या. "हिनं जबान दिली. आना कागज."

उजवीकडून डावीकडं, एकेक अक्षर दाबून, त्यांनी उर्दूत दस्तखत केलं. त्या चार अक्षरांना त्यांना इतका वेळ लागला की शिपाई चहा ठेवून रिकामे कप न्यायला परत आला. हेडक्लार्कनं पावती डोळ्यांजवळ धरली आणि वाचलं, "जैनब बी."

तीन वर्षं मी त्यांच्या घरात राहत होते, आणि त्यांचं नाव मला त्या दिवशी कळलं. खालाही थोड्या दचकल्या. किती वर्षांत त्यांना कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती, कोण जाणे. परतताना हमरस्त्यावर ट्रक जाईपर्यंत आम्ही थांबलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "बरा वाचतोय म्हातारा."

त्यानंतर मात्र खाला बदलल्या. दर सहा महिन्यांनी त्यांना पावतीची घाई माझ्यापेक्षा जास्त. हात धुऊन, पदर सावरून बसायच्या आणि माझा भत्ता जमा झाला की गल्लीत सांगायच्या, "आमचा भत्ता आला." शेजारच्या घरमालकांनी पावत्या द्याव्यात म्हणून त्यांनाही दमात घेतलं. कागदाची भीती कशाला बाळगायची, असं त्या त्यांना अगदी जन्मापासून दस्तखतं करत आल्यासारखं ऐकवायच्या.

उमरग्यात मला पाच वर्षं झाली, तेव्हा माझी तुळजापूरला बदली झाली. खोली बघायला खाला एस.टी.नं माझ्याबरोबर आल्या. तिथल्या घरमालकानं माझ्याकडं बघितलं, बुरख्याकडं बघितलं आणि त्याचा काही हिशेब जुळेना. शेवटी त्यानं खालांना विचारलं, "ह्या तुमच्या कोण?"

"किरायदार," खाला म्हणाल्या. "पाच वरसं हुती. येकदा भांडली न्हाय. भांडले ती मीच."

त्यानं खोली दिली. दुपारच्या गाडीनं खाला परत गेल्या. मागं वळून बघितलं नाही. खिडकीतल्या जागेवरून कुणाशी तरी वाद चालला होता.

दोन वर्षांनी रफीकचं पोस्टकार्ड आलं. ते पोचलं तेव्हा खालांना जाऊन आठवडा झाला होता. मी किरकोळ रजा टाकून उमरग्याला गेले. रफीकनं चहा केला. अंगणापलीकडं माझ्या खोलीला बाहेरून कडी होती. मी विचारलं, आता तिथं कोण राहतं?

"कुनीच न्हाय," तो म्हणाला. "तुमी गेल्यापासनं रिकामी हाय. चार-पाच जन आले बघायला. अम्मी समद्यांना सांगायची, खोली रिकामी न्हाय, बाई सुट्टीवर गेल्यात."

त्यानं कडी काढून दिली. आत झाडून-सारवून ठेवलेलं होतं. मी चपला काढल्या आणि संध्याकाळच्या गाडीची वेळ होईपर्यंत तिथं बसून राहिले.