पहारेकरी आणि यात्रेकरू

आमच्या घरात सिनेमाचं नाव काढायचं नाही, असा पपांचा दंडक होता. कोल्हापुरात राहून हे पाळायचं म्हणजे काय दिव्य होतं, ते कोल्हापूरकरांनाच कळेल. स्टुडिओच्या फाटकाशी नट-नट्या बघायला गर्दी जमलेली असायची आणि आम्ही भावंडं माना खाली घालून पुढे जायचो. केसांत गजरा नाही आणि रविवारी चूल नाही. चहापुरता स्टोव्ह मात्र चालायचा, कारण पपांच्या मते स्टोव्ह म्हणजे चूल नव्हे.

आम्ही ख्रिस्ती; पपा मिशनच्या शाळेत मास्तर होते. कुणी काही चुकीचं बोललं की तिथल्या तिथे दुरुस्त केल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे, मग तो वर्ग असो, पंगत असो की देऊळ, म्हणजे आमचं चर्च. उपासना चालू असताना त्यांनी पहिल्या बाकावरून पाळकसाहेबांनी चुकीचा सांगितलेला बायबलचा अध्याय सुधारलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. आई पदराआड तोंड लपवून बसली होती.

संस्थान विलीन झालं त्याच्या आसपासचे दिवस. आमच्या समाजाचं एक मासिक घरोघर यायचं. त्यात 'पहारेकरी' या नावाने कुणीतरी भविष्यवाणीवर लिहायचा. महायुद्ध, धान्याचं रेशन, राजेरजवाड्यांचं जाणं, ही सगळी शेवटच्या काळाची चिन्हं आहेत, प्रभू दाराशी आला आहे, असा त्याचा सूर. पुढच्या अंकात 'यात्रेकरू' नावाचा दुसरा कुणी लिहायचा, की पहारेकरी बंधूंना मी ओळखत नाही, पण स्वतंत्र अभ्यास करून मीही नेमका तिथेच पोचलो आहे. रविवारी दुपारी पपा हे लेख आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे. "कोण आहे देव जाणे, पण लेखणीत विस्तव आहे," असं म्हणून चष्मा काढून डोळे पुसायचे. आई तर हुंदके द्यायची. मला रात्री झोप लागायची नाही.

अशातच माझं लग्न ठरलं. मुलगा कोडोलीचा, कोल्हापुरात दवाखान्यात कंपाउंडर. मी त्याला दोनदा पाहिलं होतं आणि मला तो आवडला होता, हे आता सांगायला हरकत नाही. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात नवरा-नवरीची नावं पुकारतात. पहिला पुकारा झाला आणि त्याच दुपारी माझे होणारे सासरे एकटेच दारात उभे राहिले. शेतकरी माणूस, आवाज असा की शेजारच्या आळीला ऐकू जावा.

"सलाम मास्तर," ते म्हणाले. "पुढचा पुकारा करू नगासा. हे लगीन हुईत न्हाई."

मी आतल्या दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. तो तसाच खाली ठेवला.

पपांनी कारण विचारलं. पावण्यांनी कोटाच्या खिशातून मासिक काढलं. "ह्या म्हैन्याच्या अंकात लिवलंय की. शेवट जवळ आलाय. अशात लेकराबाळांचा पसारा कशाला वाढवायचा? आन् मास्तर, एकानं लिवलं असतं तर मी मानलं नसतं. दोघांनी लिवलंय. शास्त्रात हाय न्हवं, दोन साक्षीदार असले की गोष्ट पक्की? पहारेकरी म्हणतोय, आता लगीन करणं पाप हाय."

"चूक," पपा म्हणाले. "पाप हा शब्दच नाही त्यात. अशा काळात लग्नाची घाई कशाला, एवढंच लिहिलंय मी."

ते बोलून गेले आणि मग त्यांचं त्यांनाच ऐकू आलं. आईच्या हातातली सुपारी खाली पडली, ती घरंगळत पावण्यांच्या जोड्यापाशी गेली, पण कुणी उचलली नाही.

"तुमी?" पावणे म्हणाले. मग एकदम आशेने म्हणाले, "पर यात्रेकरू तर दुसरा माणूस हाय न्हवं?"

पपा कसेही असले तरी खोटं बोलत नसत. "तोही मीच," ते म्हणाले. "एकट्याचं कोण ऐकतं?"

मी उंबऱ्यावर बसले. आई मात्र उभी राहिली. पाहुण्यांसमोर कधी शब्द न काढणारी माझी आई म्हणाली, "म्हणजे तुम्हीच लिहायचं, तुम्हीच वाचायचं आणि तुम्हीच रडायचं? आणि वर पोरीचं लग्न ठरवायचं?"

"ते मी देवळातल्या मंडळीसाठी लिहिलं होतं," पपा म्हणाले. घरासाठी नव्हतं, असं त्यांना म्हणायचं असावं. इतका संताप मला आयुष्यात कुणाचा आला नाही.

पावणे ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचा आवाज खाली आला. "मास्तर, उसाला तयार व्हायला वरीस-दीड वरीस लागतंय. तोडायला कोण ऱ्हाणार, म्हणून आमी यंदा ऊस लावलाच न्हाई की हो. गाव हसलं. मी म्हटलं, हसू द्यात."

मग त्यांनी मासिक पपांच्या पुढ्यात ठेवलं. "आता तोंडानं सांगा. पोरीच्या समोर सांगा. त्यो दिवस आलाय का न्हाई? आला म्हणा, लगीन मोडतो. न्हाई म्हणा, लावून देतो."

पपांनी माझ्याकडे पाहिलं. हो म्हणावं तर माझं लग्न मोडतं आणि नाही म्हणावं तर त्यांचं सगळं लिहिणं जातं, हे मला कळत होतं. ते काय म्हणतील, याची मला खात्री नव्हती. स्वतःच्या बापाबद्दल एवढीही खात्री नसावी, याचाच मला सगळ्यात मोठा धक्का बसला.

"मला ठाऊक नाही," पपा म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून मी तोपर्यंत कधी ऐकले नव्हते.

पावणे उठले, टोपी घातली. "हे लिवायचं हुतं की, मास्तर," एवढंच म्हणाले आणि एस.टी. गाठायला निघून गेले. चहा तसाच राहिला.

पावण्यांनी होकार कळवला आणि पुढच्या रविवारी दुसरा पुकारा झाला. पाळकसाहेब त्यात एक नाव चुकले, पण पपा काही बोलले नाहीत. मासिकात पहारेकरी आणि यात्रेकरू दोघेही पुन्हा दिसले नाहीत. दोघांनाही प्रभूने एकदमच नेलं असेल, असं लोक म्हणायचे.

लग्न होऊन मी कोडोलीला निघाले. गाव जवळ आलं तसा रस्त्याच्या दोन्ही अंगांना पुरुषभर ऊस लागला. मधेच एक रान उघडं पडलेलं दिसलं, नुसतं गवत माजलेलं. गाडीत पुढे बसलेल्या सासऱ्यांनी तिकडे मान वळवली नाही.

"हे कुणाचं?" मी नवऱ्याला हळूच विचारलं.

"आपलं," तो म्हणाला.