रावजीच्या नावाचा घास

नाशकातल्या इंदिरानगरच्या एका सोसायटीत जयराम रावजींना सगळे 'मॉरिशसवाले काका' म्हणत. मॉरिशस म्हटलं की लोकांचे डोळे चमकायचे. आमचा भाचा हनिमूनला गेला होता तिकडे, काय तो समुद्र, काय ती वाळू! काका मान डोलवायचे, हो हो म्हणायचे. आता काय सांगणार बापडे? पंचाहत्तरीला टेकलेला हा माणूस त्या बेटावर जन्मला, तिथंच म्हातारा झाला, पण समुद्रात पाय बुडवून बसायची चैन त्यांच्या वाट्याला फारशी आली नाही. त्यांनी आयुष्यभर पाहिला तो ऊस.

आणि ऊस म्हणजे आपल्या निफाडसारखा नव्हे, की इथं ऊस, शेजारी द्राक्षं, पलीकडे कांदा. तिथं डोंगराच्या पायथ्यापासून थेट किनाऱ्यापर्यंत ऊसच. गोऱ्या मळेवाल्यांनी रानं तोडली, जमिनीतले काळे धोंडे माणसांच्या डोक्यावरून वाहून एका जागी रचले, आणि देवळाएवढे ते ढीग अजून शेतांत उभे आहेत. आधी आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम राबले. गुलामी उठली तशी मालकांना माणसं कमी पडायला लागली, मग आपल्याकडून करारावर बोटी भरभरून नेल्या. खायचं पिकवायला जागाच ठेवली नाही, म्हणून तांदूळ आणि डाळसुद्धा परदेशातून यायची. मजूर एक दिवस आजारी पडला तर दोन दिवसांची मजुरी कापत. बिहारी, तमिळ, तेलगू, मराठी सगळे एकाच वस्तीत कोंबले, आणि दोन-तीन पिढ्यांत सगळ्यांची बोलायची भाषा एकच झाली, क्रिओल. माणसाचं सगळंच त्या चरकातून गेलं म्हणा ना.

जयरामांचे पणजोबा त्याच बोटींपैकी एकीतून गेलेले. त्यांचं नाव रावजी. इगतपुरीच्या घाटात इंग्रज रेल्वेचे बोगदे खणत होते तेव्हा हा पोरगा तिथं दगड फोडायला होता. मुकादम म्हणाला, पाण्यापलीकडे याहून हलकं काम आहे, पाच वर्षांत परत येशील. त्यानं कागदावर अंगठा दिला. परत कसला येतोय! तिथल्या कारकुनानं रावजी हेच घराण्याचं आडनाव म्हणून लिहून टाकलं आणि पुढं जन्मलेली पोरं, नातवंडं सगळी 'रावजी' झाली. मूळ आडनाव बुडालं, कूळ बुडालं. राहिलं एवढंच, की प्रत्येक बाप आपल्या पोराला निजताना सांगायचा, आपण घाटमाथ्यावरच्या आवळवाडीचे.

जयराम पोरवयात ऊस तोडायला लागले आणि पुढं साखर कारखान्याच्या भट्टीवर गेले. मग युरोपातला भाव पडला, कारखाने एकामागून एक बंद झाले, उसाच्या जागी श्रीमंतांचे बंगले आणि गोल्फची मैदानं आली. ज्या उसासाठी माणसं मुळापासून उपटून आणली होती तो ऊसच गेला, आणि माणसं नुसती उरली. बायको वारली. मुलगी संजना शिष्यवृत्तीवर गाणं शिकायला नाशकात आली होती, ती इथल्याच नवनाथशी लग्न करून राहिली, आता मुलांना फ्रेंच शिकवते. तिनं बापाला बोलावून घेतलं. बाप आला तो आवळवाडीचा ध्यास घेऊनच.

नवनाथनं शोध घेतला. आवळवाडी निघाली, भाताच्या खाचरांची, धरणाच्या कडेला उरलेली. तिथं जुनं घर एकच, भागीबाईचं. ऐंशीच्या पुढची ही बाई, पाठीत वाकलेली, पण नजर कशी लख्ख. जयरामांनी आपल्या मोडक्यातोडक्या, जुनाट मराठीत सगळं सांगितलं. ते ऐकून बाईनं आपल्या घरची रीत सांगितली. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरं जेवतात, तेव्हा घरातलं थोरलं माणूस एकेकाचं नाव घेऊन चुलीत घास टाकतं. तिच्या सासूनं तिला शिकवलं होतं की शेवटचा एक घास बिननावाचा टाकायचा, घाटातल्या कामावरून जो गेला आणि आलाच नाही त्याचा. जिवंत की मेला कळलं नाही म्हणून सुरुवातीला नाव घेत नव्हते, आणि मग नाव विसरलंच.

"तू त्याचं नाव घेऊन आलास रे भाऊ," ती म्हणाली, आणि जयरामांच्या चेहऱ्यावरून हात फिरवून तिनं बोटं मोडली.

जयराम तिथं ओक्साबोक्शी रडले. त्यांना काही नको होतं. येत्या आखाजीला त्या चुलीपुढं रावजीचं नाव एकदा उच्चारलं जावं, एवढंच. भागीबाई म्हणाली, त्यात काय, घेऊ की. संजनाला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

पण भागीबाईचा मुलगा धनराज ओसरीत बसून ऐकत होता, आणि त्याचा चेहरा उतरला होता. त्याला वाईट म्हणू नका. जमीन बरीचशी धरणात गेलेली, राहिलेल्या तुकड्याभोवती रिसॉर्टवाले घिरट्या घालत होते. चार वर्षांपूर्वी असाच एक लांबचा चुलता पेढे घेऊन आला होता, पाया पडला होता, आणि पुढं कोर्टातून निम्मं खाचर घेऊन गेला होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पिणारच.

तो एकटाच नाशकात आला. चहा झाल्यावर, मान खाली घालून त्यानं सांगितलं की पितरांत नाव घेतलं म्हणजे गावासमोर वारस कबूल केल्यासारखं होतं. जयराम म्हणाले, मी हक्क सोडतो, काय हवं ते लिहून घ्या. धनराज म्हणाला, वकिलाला विचारलंय. हक्क सोडायचा तर आधी हक्क होता असं म्हणावं लागतं. उद्या तुमच्या बेटावरून आणखी पन्नास रावजी आले तर? तेव्हा लिहायचं ते असं, की या घराशी तुमचं रक्ताचं नातं नाही. एवढं दिलंत तर आखाजीला आईनं नाव घ्यायला त्याची ना नव्हती. आईला मात्र हे सांगू नका, अशी त्यानं गळ घातली.

संजना भडकली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, पण म्हणून काय माझ्या बापाला त्याचं मूळच नाकारायला लावता? तिनं वडिलांना पुन्हा पुन्हा विनवलं की असल्या कागदाला हात लावू नका.

जयराम शांतपणे म्हणाले, "माझं काय गं? मी आज आहे, उद्या नाही. तो दीडशे वर्षं दाराबाहेर उभा आहे. त्याला आत घेऊ दे."

आणि इगतपुरीच्या तहसील कचेरीबाहेर, एका टायपिंगवाल्याच्या टेबलावर, त्यांनी सही केली. कागद त्यांना नीट वाचता आला नाही. धनराजनं वाचून दाखवला तो त्यांनी मान हलवत ऐकला. संजना तिकडं पाठ करून रडत उभी होती.

आखाजीला जयराम एकटेच आवळवाडीला गेले. भागीबाईनं पहाटेच चूल सारवली होती, पुरण घातलं होतं, आमरस केला होता, मातीची घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं होतं. जयराम नवा सदरा घालून चुलीपासून दोन हातांवर बसले. बाईनं सासऱ्याचं नाव घेतलं, घास टाकला. आजेसासऱ्याचं घेतलं, टाकला. नवऱ्याचं घेताना तिचा आवाज जरा अडखळला. शेवटचा घास तिनं तळहातावर घेतला आणि सुनेला, मुलाला, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "रावजी."

जयरामांनी डोळे मिटले. ते नाव त्यांनी शाळेच्या हजेरीत ऐकलं होतं, कारखान्याच्या फाटकावर ऐकलं होतं, पण माणसाचं नाव म्हणून असं कधी नाही.

बाईनं घास टाकला नाही. तो तिनं त्यांच्यापुढं धरला. या घरची रीत अशी, की घर सोडून गेलेल्याचं लेकरू समोर बसलेलं असलं तर त्याचा घास त्या लेकरानंच टाकायचा. धनराजला हे ठाऊक होतं, पण इतक्या लांबचं कोणी येईल असं त्या घरात कधी झालंच नव्हतं, त्यामुळे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. "घे, तुझा बाबा हाय," ती म्हणाली. "तू टाक."

जयरामांचा हात अर्धा उठला. धनराजकडे त्यांनी एकदा पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता. मनात आणलं असतं तर टाकता आला असता, कोण अडवणार होतं? पण आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर चाललेला माणूस तो, आणि पितरांसमोर खोटं वागायचं म्हणजे त्यांच्या अंगावर काटा आला. हात त्यांनी मागं घेतला.

"मला नाही टाकता येत, बाई. मी त्याचा कोणी नाही असं लिहून दिलं आहे."

भागीबाईला आधी समजलंच नाही. मग तिनं मुलाकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावरून तिला सगळं समजलं.

"धनराजभाऊ टाकतील," जयराम म्हणाले. "रावजी या घरचाच आहे."

धनराज उठला. आईच्या हातातला घास त्यानं घेतला, हळू आवाजात रावजी म्हणाला आणि चुलीत टाकला. मग, काय करावं ते न सुचून, पण अगदी मनापासून आदरानं, त्यानं बायकोला सांगितलं की पाहुण्यांना आधी वाढ, घरचे मागून बसतील. पाहुण्यांना आधी वाढायची तिथली पद्धतच आहे. सुनेनं पाट मांडला, केळीचं पान मांडलं. भागीबाई चुलीकडे तोंड करून पदरानं डोळे पुसत राहिली.

जयराम एकटेच जेवायला बसले. पुरणपोळी चांगली झाली होती, तसं त्यांनी सांगितलंही.