टाचणी आणि हेडबाईंची मोटार

आमच्या धाकट्या जावेला अख्खं घर टाचणी म्हणतं. एक तर बाई तशीच बारीक, आणि दुसरं म्हणजे तिच्या ओठांत कायम तीन-चार टाचण्या धरलेल्या. त्यामुळे ती बोलते त्यातलं अर्धंच कळतं, आणि जे कळतं ते टोचतं. मी थोरली. माझं तोंड मोकळं असतं, म्हणून बोलायचं खातं माझ्याकडे.

टाचणीचं काम म्हणजे पँटी आखूड करणं, चेन बदलणं, आणि मुख्य म्हणजे कॉलरी उलटवणं. शर्टाची कॉलर विरली की ती उसवायची, पालथी करायची आणि परत त्याच जागी शिवायची. खालची चांगली बाजू वर येते, शर्टाला आणखी पाच वर्षं मिळतात. पण हल्ली कॉलर विरेपर्यंत शर्ट ठेवतंय कोण? मशीनवर झाकण पडलं ते पडलंच. त्यावर वर्तमानपत्रं साठायला लागली. तिचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, एक दिवस खिडकीजवळची ती जागा मोजताना मला सापडले.

"काय हो भाऊजी, काय चाललंय?"

"काही नाही वहिनी. इथे माशांची टाकी काय झकास बसेल!"

आणि मोजत होते कशाने? तिच्याच टेपने!

त्याच आठवड्यात हेडबाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, आमच्या गल्लीतल्या निम्म्या लोकांचे कान त्यांनी पिळलेले. यजमान गेल्यावर त्यांची जुनी मोटार शेडमध्ये झाकून पडली होती. बाई या वयात ती चालवायला शिकल्या, आणि रविवारी जुन्या मोटारींच्या मेळाव्यात स्वतः चालवत न्यायचं ठरवून बसल्या. इंजिन ठणठणीत होतं. पण दारांच्या आतल्या बाजूचं लोकरी कापड उन्हाने विटून शिळ्या चहासारखं झालेलं. मेकॅनिक म्हणाला, फाडून टाकू, रेक्झिन मारू.

"मला रेक्झिन नको," हेडबाई म्हणाल्या. "ते कापड ह्यांनी निवडलेलं आहे. पण तसं आता कुठेच मिळत नाही म्हणे."

टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढून शिवणाच्या उशीला खोचल्या. तेव्हाच मी ओळखलं, काहीतरी मोठं होणार.

"मी करते," ती म्हणाली.

आम्ही दोघी शेडमध्ये गेलो तर मेकॅनिक हसला. "ताई, हे ब्लाउज शिवण्याइतकं सोपं नाही हो."

"खरंय. ब्लाउज अवघड असतो. गिऱ्हाईक जाड होतं. दार कुठे जाड होतंय?"

मग बटर लावायच्या सुरीला चिंधी गुंडाळून तिने दारांचे खटके एकेक करून उचकटले, कापड लावलेली आतली चारही बोर्डं काढली. कापड कडांनाच चिकटवलेलं होतं, मध्ये कापसाची पातळ गादी. कडेची दुमड उलगडली आणि ती ओरडलीच, "ताई, बघा!" आतली बाजू गर्द बाटलीहिरवी, बारीक रेघांसकट! कापडाचं विणकाम दोन्ही अंगांनी सारखंच होतं. उन्हाने फक्त वरची बाजू खाल्लेली.

"कॉलर!" टाचणी म्हणाली.

"कॉलर," मी म्हणाले. जणू काही मला आधीच सुचलं होतं.

घरी येऊन तिने जाहीर केलं, "रविवारपर्यंत हे जमलं नाही तर मशीन विकते. ठेवा तुमचे मासे." भाऊजी घाईघाईने नको नको म्हणाले, पण टेप काही त्यांनी परत दिली नाही.

तीन दिवस ती जेवायला सुद्धा धड बसली नाही. कापडं गार पाण्यात धुतली, सावलीत वाळवली. चालवणाऱ्याच्या दाराला यजमानांनी कोपर टेकून टेकून भोक पाडलेलं. दुमडीतलेच धागे ओढून तिने त्यावर असं रफू केलं की मला चष्मा लावूनही दिसेना. शनिवारी दुपारी डाव्या दाराचं कापड पालथं करून डाव्या बोर्डावर पसरलं, आणि टाचणी मटकन खाली बसली.

भोकं जुळेनात. हँडलचं भोक पुढे यायला हवं तर मागे, काच खाली करायच्या दांडीचं भलतीकडेच. ही चूक फक्त कॉलरवालीच करणार! कॉलर उलटवली तरी आपल्याच जागी बसते, दोन्ही टोकं सारखी. दाराचं तसं नसतं. नवी भोकं पाडावीत तर जुनी उघडी पडतात, आणि दुसरं कापड नाही.

"संपलं," ती म्हणाली. "द्या मशीन विकून."

मी भांडी टाकून धावत आले होते. आता माझं एक गुपित सांगते. माझा उजव्या हाताचा रबरी मोजा नेहमी आधी फाटतो, आणि डावे नुसते साठतात. मग मी डावा मोजा आतून बाहेर करून उजव्या हातात घालते. छान बसतो. तो तसाच हातात होता, त्याच ओल्या हाताने मी तिची पाठ थोपटत होते.

तिने माझा हात धरला. अंगठ्याकडे बघत राहिली.

"ताई, हा डावा ना?"

"होता. उलटवल्यावर..." आणि मीच गप्प झाले. माझ्या आयुष्यात हे फार वेळा झालेलं नाही.

ती उठली. डाव्या दाराचं कापड उचललं आणि उजव्या दाराच्या बोर्डावर पसरलं. हँडलचं भोक हँडलवर. दांडीचं दांडीवर. मागच्या दारांची अदलाबदल केली, तीही चपखल! आम्ही दोघी शाळकरी पोरींसारख्या नाचलो. माझा मोजा कुठे उडाला ते कळलंच नाही, सोमवारी भाऊजींच्या बुटात सापडला.

रविवारी सकाळी मेकॅनिकने दारावरून तळहात फिरवला, मग पुन्हा फिरवला. "कापड छान आहे. पण नवं कुठून पैदा केलंत?"

"जुनंच आहे," टाचणी म्हणाली. ओठांत एकही टाचणी नव्हती, म्हणून अगदी स्पष्ट ऐकू आलं.

हेडबाई मात्र बिचकल्या. "मग ते कोपराचं भोक कुठे गेलं?"

टाचणीचा चेहरा उतरला. "बाई, डाव्या-उजव्या कापडांची अदलाबदल करावी लागली. ते आता पलीकडच्या दाराला आहे. शेजारी बसणाऱ्याच्या."

हेडबाई पलीकडे गेल्या. रफू बोटाने शोधून काढलं, त्यांनाच सापडणार ते. क्षणभर डोळे मिटले आणि मग हसल्या. "म्हणजे मी चालवणार आणि हे शेजारी बसणार. बरं झालं. आता बसा म्हणावं गप्प."

अशी ऐटीत गेली ती मोटार! संध्याकाळी मेकॅनिक आमच्या दारात हजर, डोक्यावर दुसऱ्या कुठल्यातरी जुन्या गाडीची अख्खी सीट. ठेवायला जागा कुठे? खिडकीजवळ, मशीनशेजारी.

भाऊजींनी मुकाट्याने वर्तमानपत्रं उचलली आणि टेप परत दिली. मासे आणलेत त्यांनी, दोन. माझ्या ओट्यावर असतात, लोणच्याच्या बरणीत.