हाताला लागेल तेच

पोरं दरवर्षी वरच्या इयत्तेत जातात आणि मास्तर आहे तिथेच राहतो. त्यामुळे किस्से सगळे त्याच्याच अंगाला चिकटत जातात. झटकायचे म्हटले तरी जात नाहीत. मी रेवदंड्याच्या शाळेत ड्रॉइंग शिकवत होतो, तीस सालाच्या आगेमागे. तेव्हाचे पुष्कळ किस्से माझ्याकडे आहेत, पण आज सांगायला बसलो की सगळे एकाच माणसापाशी जाऊन थांबतात. तो माणूस म्हणजे आमचे सायन्सचे बापट.

आमच्या टीचर्स रूममध्ये एक लांब टेबल होतं. त्याच्या एका टोकाला बापट बसत, दुसऱ्या टोकाला इंग्रजीचे सॅम्युएलमास्तर आणि मध्ये मी. सॅम्युएल आमच्या गावचेच बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, घराण्याचा तेलाचा घाणा. गावातले लोक त्यांना शनवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद; त्यांच्या धर्मात शनिवारी सूर्य मावळेपर्यंत काम वर्ज्य, लिहिणंसुद्धा. सॅम्युएलमास्तरांनी घाणा सोडून शाळा धरली, पण शनिवार काही सोडला नाही. शनिवारी ते शाळेत येत, तोंडी शिकवत, पण खडू किंवा लेखणी हातात धरत नसत. हजेरीपटावरची शनिवारची सही ते सोमवारी करत. हेडमास्तरांनी एकदा फार तगादा लावला, तेव्हा शांतपणे म्हणाले, "साहेब, पगार कापा. सही होणार नाही!"

हेडमास्तरांनी पगार कापला नाही. तगादाही पुन्हा लावला नाही.

* * *

शाळेत मायक्रोस्कोप आला तो श्रावणात. पितळेचा, लाकडी पेटीतला. शिपायाने त्याला हळदकुंकू वाहिलं आणि बापटांनी ते रुमालाने हलकेच पुसून काढलं.

पहिला धडा पेशींचा. त्यासाठी बापटांनी कांदा आणला, आपल्याकडचा पांढरा, माळेतून तोडलेला. आणि हेडमास्तरांचा चातुर्मास! श्रावणात शाळेच्या आवारात कांदा-लसूण आणायला सक्त मनाई. बापटांनी कांदा चिरला मात्र, हेडमास्तर वासावर थेट वर्गात.

"बापट! हे काय चाललंय?"

कांद्याचा आतला पातळ पापुद्रा बापटांनी काचेवर ठेवला, त्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि हेडमास्तरांना नुसता हात केला, या म्हणून.

हेडमास्तरांनी एक डोळा मिटून दुसरा लावला. खाली विटांच्या भिंतीसारखे कप्पे, कप्प्याला कप्पा लागून आणि प्रत्येकात एक गडद ठिपका. "यातली एकेक पेशी जिवंत आहे," बापट सांगत होते. "आपलं अंगही अशाच पेशींचं. एकटी राहिली तर मरते. शेजारणीला धरून असते म्हणून आपण उभे आहोत."

दहा मिनिटं झाली तरी हेडमास्तर उठेनात. घंटा झाली, तेव्हा डोळा काढून म्हणाले, "खायचा नाही. पाहायला हरकत नाही!"

चातुर्मास वाचला, पण त्या दिवशी एकाही पोराला पेशी दिसली नाही.

* * *

आता माझी फजिती सांगतो. दुसऱ्याची सांगायला कोणालाही येते.

वर्गासाठी शरीराचा मोठा तक्ता हवा होता. मांजरपाटाचं कापड ताणून मी रंगवायला बसलो. छाती, फुफ्फुसं, हृदय, सगळं बापटांच्या पुस्तकात बघून काढता आलं असतं. पण मी पडलो कलावंत! म्हटलं, नकलेपेक्षा जिवंत माणूस समोर हवा. घरात आरशापुढे उघडा उभा राहिलो आणि आरशातल्याला बघून माणूस उतरवला. छातीवर हात ठेवून ठोके शोधले आणि तो हात आरशात ज्या बाजूला दिसला त्याच बाजूला हृदय रंगवलं.

तक्ता वर्गात लागला. पोरं एकमेकांच्या छातीला कान लावून ठोके शोधू लागली, सगळी उजव्या बाजूला. एकालाही धड ऐकू येईना. एक तर रडायलाच लागला, मला हृदयच नाही म्हणून!

मी तक्ता फाडायला निघालो. बापटांनी हात धरला. "कापड पातळ आहे," म्हणाले. "उलटा लावू."

उलटा लावला. रंग मागच्या बाजूला फिका उतरला होता, पण हृदय बरोबर जागी आलं. मी शाळा सोडेपर्यंत तो तक्ता वर्गाकडे पाठ करूनच टांगलेला होता.

* * *

सॅम्युएलमास्तरांच्या घरी सणाला बकरा कापला होता. दुसऱ्या दिवशी ते केळीच्या पानात गुंडाळून बकऱ्याचं हृदय घेऊन आले, बापटांसाठी. बापटांनी ते पोरांसमोर उघडलं. आतले कप्पे दाखवले, झडपा दाखवल्या. एका बाजूने पाणी ओतलं की जातं, उलट ओतलं की झडप मिटते.

त्याच वेळी धर्मा म्हात्रे दारात आला. हा आगरी, खाडीकाठच्या मिठागरातला. मिठाचा हंगाम सुरू होत होता आणि त्याला पोराला शाळेतून काढून कामाला न्यायचं होतं. तो दारातूनच बघत राहिला, मग न विचारता आत आला.

"मास्तर, पुन्यांदा वता बघू पानी."

बापटांनी ओतलं.

"ही त आमची उघाडी हाय!" धर्मा ओरडलाच.

आपल्या खारेपाटात, खाडीलगतच्या शेतांत, बांधाला लाकडी फळीची उघाडी असते, ते तुम्हाला ठाऊक असेलच. ओहोटीला शेतातलं पाणी बाहेर जाताना फळी उघडते, भरतीला खाडीच्याच दाबाने मिटते आणि खारं पाणी आत येऊ देत नाही. बापट इतके खूश झाले की म्हणाले, "धर्मा, चार वर्षं मी हे शिकवतोय, पण इतकं सोपं मला सांगता आलं नाही!"

धर्मा मान हलवत म्हणाला, "पन उघाडी गलाया लागली का वांदा. दर भरतीला थोरं थोरं पानी उलटं येतं. मानसाला कलत पन न्हाय. आनि एक दिस बांधच जातो."

"मग तुम्ही काय करता?"

"फली बदलतो."

बापट हातातल्या हृदयाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हिची फळी बदलता येत नाही रे."

धर्मा पोराला न घेताच परत गेला. जाताना म्हणाला, "ऱ्हाऊंदे त्याला. मी करीन मीठ एकला."

वर्ग रिकामा झाल्यावर बापटांनी हात धुतले आणि मला न् सॅम्युएलना सांगितलं, "लहानपणी सांध्यांचा ताप आला होता. तेव्हापासून माझी उघाडी गळते आहे."

* * *

अलिबागच्या डॉक्टरांनी त्यांना थेंब दिले होते. ते थेंब हृदयाला आवरून धरतात, पण नाडी साठाच्या खाली गेली तर द्यायचे नाहीत. दिले तर तेच औषध मारतं. म्हणजे थेंब देण्याआधी दर वेळी नाडी मोजायची आणि वहीत लिहायची. डॉक्टर ती वही बघून थेंब कमीजास्त करत.

बापटांनी काय करावं? स्वतःचीच नाडी शिकवायला घेतली! दर शनिवारी वर्गात टेबलावर हात पसरून बसत. समोर त्यांचं खिशातलं घड्याळ. पोरं एकेक करून येत, मनगटावर तीन बोटं ठेवत, मिनिटभर मोजत आणि आपापल्या वहीत लिहीत. आम्हालाही बोलावत. मी मोजून लिहायचो. सॅम्युएल मोजायचे आणि आकडा मला सांगायचे, शनिवार ना!

एका शनिवारी बापटांनी वह्या तपासल्या. अकराच्या अकरा वह्यांत एकच आकडा, बहात्तर.

पुस्तकात निरोगी माणसाची नाडी बहात्तर छापली होती. मास्तरांची नाडी मध्येच अडखळते, एखादा ठोका गाळते, हे पोरांना बोटांनी केव्हाच कळलं होतं. पण तसं लिहायचं कसं? मास्तरांना वाईट वाटेल. म्हणून सगळ्यांनी गुपचूप ठरवून मास्तरांना निरोगी करून टाकलं होतं.

बापटांना इतकं संतापलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. "डॉक्टरांनी तुमची वही वाचली तर ते थेंब देतील आणि मी मरेन! कळतंय का? हाताला लागेल तेच लिहायचं. लागलं नाही तर लागलं नाही असं लिहायचं. आपल्याला काय हवंय ते लिहायचं नाही!"

मग खाली बसले. दम लागला होता. जरा वेळाने म्हणाले, "या, पुन्हा मोजा."

पोरं रडत रडत मोजत होती. त्या दिवशी अकरा वह्यांत अकरा आकडे पडले आणि बापट म्हणाले, "आता कसे शहाणे झालात!"

* * *

धर्मा दर हंगामाला टोपलीभर मीठ आणून द्यायचा, पोराला शिकवतात म्हणून. आणि डॉक्टरांनी नेमकं मीठच बंद केलेलं! बापटांच्या पायांवर सूज यायला लागली होती. परत केलं तर धर्मा दुखावेल म्हणून बापट ते मीठ शाळेत आणत. काचेवरच्या कांद्याच्या पापुद्र्याला मिठाचं पाणी लावलं की पेशींच्या आतलं पाणी ओढलं जातं आणि त्या कप्प्यातल्या कप्प्यात आक्रसतात, ते पोरांना दाखवत.

धर्मालाही एकदा दाखवलं. त्याने बराच वेळ पाहिलं, मग स्वतःच्या भेगाळलेल्या पावलांकडे पाहिलं. "आमचं पाय बी असंच व्हत असतील," म्हणाला. मग एकदम, "मास्तर, तुमी मीठ खात न्हाय असं पोरगा बोलला. खरं?"

बापट हसून हो म्हणाले.

"मिठाबिगर मानूस कसा जगंल?"

"जमेल तितका जगेल, धर्मा."

पुढच्या हंगामाला धर्मा आला तो वालाच्या शेंगा घेऊन. मीठ आणलंच नाही. टोपली ठेवून निघून गेला.

* * *

ती शेंगांची टोपली आली त्याच महिन्यातला शनिवार. बापट शाळेत आले नाहीत. दुपारी एकच्या सुमाराला मी आणि सॅम्युएल त्यांच्या घरी गेलो, तर ते उशांना टेकून बसलेले. आडवं झालं की श्वास पुरत नव्हता. ओठ निळसर झाले होते. वहिनी पायाशी बसल्या होत्या. घरात दुसरं कोणी नव्हतं.

नाडी मीच पाहिली. बोटाखाली ती कशीही धावत होती.

"अलिबागला जा," बापट मला म्हणाले. एवढं बोलायलाही त्यांना तीनदा थांबावं लागलं. "डॉक्टर विचारतील. दर पंधरा मिनिटांनी. वहीत हवं."

मी सॅम्युएलकडे पाहिलं. शनिवार होता. वहिनींना लिहायला येत नव्हतं. सॅम्युएलनी माझ्याकडे न बघता कॉटजवळ स्टूल ओढलं आणि म्हणाले, "तुम्ही निघा."

मी सायकल मारली. नागाव गेलं, आक्षी गेली, मला काही आठवत नाही. डॉक्टर एका बाळंतिणीकडे होते, त्यांच्यासाठी तासभर थांबावं लागलं. मग टांगा. आम्ही रेवदंड्यात शिरलो तेव्हा ऊन तिरपं झालं होतं, पण सूर्य अजून समुद्राच्या वरच होता.

घरात गेलो. वहिनी पायाशी तशाच बसलेल्या. सॅम्युएल स्टुलावर, डाव्या हातात बापटांचं मनगट. उजव्या हाताच्या बोटांना शाई लागली होती.

डॉक्टरांनी आधी वही घेतली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचली, मधल्या ओळी गाळत. सव्वाला एकशे अठ्ठावीस, अनियमित. दीडला एकशे बत्तीस. दोनला एकशे चाळीस, नीट मोजता येत नाही. तीनला पुसट. साडेतीनला फार पुसट. अक्षर ठसठशीत, इंग्रजीच्या मास्तराचं, मराठी थोडं वाकडं.

पावणेचारला: हाताला लागत नाही.

खाली चारला: हाताला लागत नाही. सव्वाचारला: हाताला लागत नाही. साडेचारला, पावणेपाचला, पाचला, सव्वापाचला. प्रत्येक ओळ पूर्ण लिहिलेली होती, कुठेही वरीलप्रमाणे नाही. शेवटची पावणेसहाची. तिची शाई अजून ओली होती.

वहिनी मला हळूच म्हणाल्या, "मी म्हटलं त्यांना, भाऊजी, आता राहू द्या."

डॉक्टरांनी वही मिटली आणि बापटांचा हात घ्यायला वाकले. सॅम्युएलनी तो सोडला नाही.

"एक मिनिट, डॉक्टरसाहेब," ते म्हणाले. "सहाची राहिली आहे."

उशीवरचं घड्याळ डॉक्टरांनी उचललं आणि त्यांना दिसेल असं समोर धरून उभे राहिले.