आधी चिमूट, मग पेन्सिल

सांगा बघू, भरवसा कुणावर ठेवायचा? पोराच्या बोटांवर, की बापाच्या घाईवर? तुळिंजला माझं स्टेशनरीचं दुकान आणि शेजारच्या गाळ्यात निर्मलाबाईंची बालवाडी. त्यामुळे नव्वदच्या दशकात माझ्याकडे पाटी-पेन्सिलींपेक्षा किस्सेच जास्त साठले. माल खपतो हो, किस्से उरतात!

*

बाई माझ्याकडची रद्दी न्यायच्या आणि पोरांना चिमटीत धरून बारीक फाडायला द्यायच्या. एक आई चिडली, "फी भरून पेपर फाडायला पाठवतो का आम्ही?"

"घरी फाडले तर मार बसेल, म्हणून इथे!"

*

अर्नाळ्याची मासेवाली मावशी एकदा दारात टोपली टेकून बघत बसली. आत पोरं वाळूतून वाल वेचत होती.

"बाई, माझी नात घरात करंदी सोलते, एवढीशी बारीक कोलंबी. तिला काय शिकवनार तुम्ही?"

"तिची चिमूट तयार आहे, मावशी. तिच्या हातात थेट पेन्सिल!"

मावशी खूश! बाईंसाठी करंदीचा एक वाटा ठेवून गेली.

*

बालवाडीतल्या चिंगीच्या बाबांना मात्र दम नव्हता. इंग्रजी शाळेचा इंटरव्ह्यू तोंडावर आलेला.

"बाई, शेजारची मुलगी एबीसीडी लिहिते!"

"तिच्या फ्रॉकचं बटण कोण लावतं?"

"तिची आई."

"मग चिंगी पुढे आहे. ती स्वतः लावते."

बाबा हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून चिंगीची बालवाडी बंद, ट्यूशन सुरू.

*

पेन्सिल निसटते म्हणून बाबांनी घरी युक्ती केली. रबरबँडने ती चिंगीच्या बोटांनाच बांधली! रस्त्यात भेटल्यावर बाईंना बोटांवरचे लाल वळ दिसले.

"अहो, बोटं आहेत ती, चवळीची जुडी नाही!"

"ॲडमिशन हुकली तर तुम्ही मिळवून देणार का?"

इंटरव्ह्यूत चिंगीने पेन्सिल उचललीच नाही. ॲडमिशन गेली.

*

त्यानंतर बापलेक दुकानात आले. बाबांना चाररेघी वही हवी होती, पुढच्या वर्षासाठी. बाई तिथेच खडू घेत होत्या. पोरीचं तोंड उतरलेलं बघून मी तिच्यापुढे चॉकलेट धरलं.

चिंगीने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि तोंड उघडलं.

"अगं, हातात घे ना!" बाबा म्हणाले.

तिने तोंड आणखी मोठं उघडलं.

मी चॉकलेट सोलून तिला भरवलं. बाबांनी पाकीट काढलं. "किती झाले, शेठ?"

बाई खडूचा डबा बंद करत म्हणाल्या, "हिशेब नीट करा हं, शेठ. खरा करा. काही सोडू नका, चिंगीची बोटंही त्यात धरा."