न वाचता दिलेली लिंक

आमचा ब्लॉगवाल्यांचा गोतावळा केवढा, तर सहा माणसांचा. मध्य प्रदेशातल्या बालाघाटात मला धरून तिघं, कटंगीला सर, रामपायलीला लग्न होऊन आलेली एक, तिला आम्ही सूनबाईच म्हणतो, आणि तुमसरचे एक गृहस्थ. घरात पोरं हिंदीत भांडतात, बाजारात हिंदी, ऑफिसात हिंदी. मराठीत लिहिणारे आम्ही सहा आणि वाचणारेही आम्हीच सहा, म्हणून वागायचे नियम कडक. ते सगळे सरांनी घातलेले. सरांनी मला शाळेत मराठी शिकवलं. आता रिटायर झालेत, बायको गेली, मुलगा दूर नोकरीला. माझा ब्लॉगही त्यांनीच शेजारी बसून काढून दिला.

नियम असा की कुणी आपल्या पोस्टची लिंक दिली, तर तीन दिवसांच्या आत आपण त्याच्या पोस्टची द्यायची, वर दोन ओळी कौतुकाच्या लिहायच्या. आणि एकदा दिलेली लिंक काढायची नाही. सर म्हणायचे, ते पंगतीतून माणूस उठवण्यासारखं आहे. शेजारणीची वाटी आपण रिकामी परत करत नाही, तसंच हे, म्हणून मीही सुरुवातीला खुशीनं पाळलं.

पण सर रोज लिहितात हो! माझी पंधरा दिवसांतून एक पोस्ट, तिची लिंक ते तासाभरात देणार, मधल्या दिवसांत माझ्या जुन्या पोस्टींची, आणि चौथ्या दिवशी ऐन डब्याच्या घाईत फोन. "बेटा, आपलं पाहिलं नाही वाटतं?" नाही म्हणायची सोय नाही. जीव मेटाकुटीला आला. मग मी वाचणंच सोडलं. शीर्षक बघायचं, वर "सरांच्या लेखणीतून आणखी एक अनमोल ठेवा" असं ठोकून द्यायचं, लिंक चिकटवायची आणि पोळ्या लाटायला पळायचं. अनमोल ठेवा म्हणे! लाज वाटते आता.

एका सकाळी रामपायलीच्या सूनबाईचा फोन आला. तिशीची असेल, आमच्यात सगळ्यात नवी. चार-पाचच पोस्टी लिहिलेल्या, सगळ्या तिच्या गेलेल्या आईवर.

"ताई, काल तुमी सरांच्या पोस्टची लिंक दिली. ते वाचलं का तुमी?"

"हौ, वाचलं ना." धडधडीत खोटं बोलले मी.

"मंग तुमाले कळलं नाई का? ते माह्यं आहे."

दोघांच्याही पोस्टी उघडून पाहिल्या. तिच्या आईनं आपल्या धानाच्या एकेका बांधीला, म्हणजे बांध घातलेल्या भातशेताच्या तुकड्याला, नाव ठेवलेलं होतं. जिच्यात पाणीच टिकत नसे ती रुसकी, जिच्या कडेला बसून बाया भाकर खायच्या ती सावलीची, जिथं धानाची रोपं रोवता रोवता एकीला कळा सुरू झाल्या ती बाळंतिणीची. सगळ्या बांध्या सरांच्या पोस्टमध्ये तिनं लिहिल्या त्याच क्रमानं हजर. तिचं नाव नाही, लिंक नाही. आणि तिनं जिथं जिथं "माही माय" लिहिलं होतं, तिथं तिथं सरांनी "एक शेतकरी स्त्री" केलं होतं.

"मले दुसरं काई नाई पाहिजे," ती म्हणाली. "तुमी लिंक काढा, अन् लिहा का हे माह्या मायचं आहे. तुमी लिहिलं तर लोक मानतीन. मी सरांले काय बोलू?"

मी हौ म्हटलं आणि सरांना फोन लावला. ते मुळीच गडबडले नाहीत. "अगं, पोरीचं लिखाण कच्चं होतं. सुधारून दिलं मी. तुमच्या वह्या नव्हतो का सुधारत?" खरंच सांगते, आपण उपकार केला असंच त्यांना वाटत होतं. सुधारलं तर तिला परत द्यायचं ना सर, आपल्या नावावर काहून टाकलं, हे वाक्य माझ्या ओठावर होतं. बाहेर काय आलं? "हो सर." पन्नाशीची बाई मी, घरात माझ्यापुढे कुणाची बोलायची टाप नाही, आणि तो आवाज ऐकला की माझी बोलती बंद. वर ते म्हणाले, "तू तरी लिंक काढू नकोस हं. सकाळी उठून तेवढंच पाहतो मी, आपल्याकडे कोण आलं ते."

मग मी माझं शहाणपण चालवलं. सरांची लिंक ठेवली आणि तिच्याखाली लिहिलं, "याच विषयावर हेही वाचा," आणि सूनबाईची लिंक जोडली. याच विषयावर! तिची स्वतःची आई, आणि तिलाच मी मागं उभं केलं. तरी त्या दिवशी सुटले बुवा म्हणून मी निवांत चहा प्याले, हेही सांगायला हवं.

चार दिवसांनी तिच्या लिंकवर बोट ठेवलं तर पान उघडेना. अख्खा ब्लॉग तिनं काढून टाकला होता. तिसऱ्यांदा लावल्यावर तिनं फोन उचलला.

"मिटवून टाकलं ताई. 'हेही वाचा' पाहिलं अन् मनच उठलं."

"अगं, कुठं उतरवून तरी ठेवलं असशील?"

"कायचं? बांधावर बसून मोबाईलवरच लिहिलतं. माय जशी सांगे तशी. आता पुन्हा तसं नाई जमत."

"मग सरांच्या पोस्टवरून उतरव, आणि टाक तुझ्या नावानं."

"अन् लोक म्हणतीन, सरांचं चोरलं," ती म्हणाली. "तुमीच तर वर लिहिलं आहे, सरांच्या लेखणीतून म्हणून."

त्यानंतर तीनदा मी खरं काय ते लिहायला बसले, तीनदा पुसलं. रोज सकाळी सरांचा फोन येतो, मी हो सर म्हणते. कितीदा वाटतं ब्लॉगच बंद करावा, कटकट नको. तेही होत नाही.

मागच्या आठवड्यात तिचाच फोन आला. मी आधीच बोलून टाकलं, "काढते गं, आजच काढते लिंक."

"नका काढू," ती म्हणाली. "सरांचं रोज नवं येते, त्यात ते पान मले सापडत नाई, तुमच्याकडूनच जातो आमी. माह्या पोरीले मायच्या बांध्या वाचून दाखवतो. ते 'एक शेतकरी स्त्री' आलं का मी 'तुही आजी' म्हणतो."